उजेड मोजणारा काटा

झेनिट-ई कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्यावर, डाव्या अंगाला, एक छोटी खिडकी आहे आणि तिच्यात एक काळा काटा. लेन्सच्या वर, कॅमेऱ्याच्या कपाळावर म्हणावं अशा जागी, खडबडीत काचेची एक पट्टी बसवलेली असते. तिच्यावर तळहात ठेवला की काटा खाली जाऊन पडतो, हात काढला की उठतो. घरात जेमतेम उठतो, गॅलरीत अर्ध्यापर्यंत चढतो, अंगणातल्या उन्हात नेला की पार दुसऱ्या टोकाला जाऊन क्षणभर थरथरतो आणि थांबतो. या कॅमेऱ्यात सेल नाही. सेल घालायला जागाच नाही. घड्याळाला देतात तशी किल्लीही कुणी या काट्याला दिलेली नाही. त्याला हलवणारं जे काही आहे ते बाहेरून येतं, आणि ते म्हणजे समोरच्या भिंतीवरून, झाडावरून, माणसाच्या कपाळावरून परत फिरलेला उजेड.

हे मला लहानपणी माहीत नव्हतं, आणि आता पुरतं माहीत आहे. तरी खिडकीतला काटा उठताना पाहायचा सोस कमी झालेला नाही. उजेड दिसतो, उजेडाची ऊब लागते, पण उजेड एखादी वस्तू ढकलतो हे रोजच्या जगण्यात कुठे बघायला मिळतं? इथे मिळतं. आपण सावलीतून उन्हात पाऊल टाकायचं, की एक धातूची काडी उठून उभी राहते.

कॅमेरा माझ्या मामाचा. मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होता. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात रशियन तंत्रज्ञ वर्षानुवर्षं राहायचे. त्यांतल्या एकाने मायदेशी परतताना हा कॅमेरा मामाला विकला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९६५पासून हे मॉडेल बनत होतं. जड, ओबडधोबड, बॅगेत टाकलं की खांदा दुखवणारं. सोबतची हेलिओस लेन्स मात्र अशी, की आजही कुणी मागितली तर मी देणार नाही. मामा फोटो काढताना आधी खिडकीत बघायचा, मग आमच्याकडे. आम्ही भावंडं रांगेत उभी, तो मान खाली घालून काटा बघतोय, चकती फिरवतोय, पुन्हा आमच्याकडे बघतोय. आमच्या अंगावर किती ऊन पडलंय हे त्याला तिथे, त्या नखाएवढ्या काचेत दिसत होतं.

माणसाच्या डोळ्याला हे जमत नाही. आपला डोळा काय दिसतंय ते फार बारकाईने सांगतो, पण किती उजेड आहे हे विचारलं तर गप्प बसतो. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो आणि रात्री घरात ट्यूबलाइटखाली दीड-दोनशे. पाचशे पटींचा फरक. तरी दोन्हीकडे आपण पेपर वाचतो, भाजी निवडतो आणि दोन्ही ठिकाणांना ‘चांगला उजेड आहे’ असंच म्हणतो. डोळ्यातली बाहुली लहानमोठी होते, आतला पडदा स्वतःला जुळवून घेतो, आणि हे सगळं आपल्याला न विचारता होतं. जगायला ही सोय मोठीच. फिल्मला मात्र ती नाही. तिच्यावरचे चांदीचे क्षार एका ठरावीक मापाच्या उजेडाची वाट बघत असतात. कमी पडला तर निगेटिव्ह पारदर्शक, कोरी राहते. जास्त पडला तर काळीमिट्ट होते. कृष्णधवल निगेटिव्ह एखाद-दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्तीचा उजेड पदरात घेते. स्लाइडची फिल्म अर्धा स्टॉपही माफ करत नाही.

म्हणून उजेड मोजणारा असा काट्याचा मीटर येण्याआधी लोकांनी काय काय केलं हे वाचताना मी रमून जाते. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यांनी १८९० मध्ये एका उपकरणाचं पेटंट घेतलं. पुढे त्याच कल्पनेतून खिशातल्या घड्याळाएवढा ‘बी मीटर’ निघाला. त्यात उजेडाने काळवंडणारा कागदाचा तुकडा असायचा आणि शेजारी एक रंगवलेली छटा. कागद त्या छटेइतका गडद व्हायला किती सेकंद लागले ते मोजायचं, चकती फिरवायची, आकडा वाचायचा. म्हणजे उजेड वेळात मोजायचा. डोंगराकडे तोंड करून उभा असलेला एक माणूस, मुठीत गोल डबी, ओठ हलवत सेकंद मोजतोय. फोटो काढण्याआधी इतका वेळ त्या जागेला देणं मला फार योग्य वाटतं. दुसरी एक जात होती ती नळीतून बघायच्या मीटरांची. आत पायरीपायरीने गडद होत जाणारी पट्टी आणि तिच्यावर आकडे. जो शेवटचा आकडा वाचता येईल त्यावरून एक्स्पोजर ठरवायचं. पण वाचणारा तोच डोळा. नळीला जरा जास्त वेळ डोळा लावला की तो अंधाराला सरावतो आणि आणखी एक आकडा वाचून दाखवतो.

आपल्याकडे तर बहुतेकांचा कारभार अंदाजावरच चालायचा. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर सूर्य आणि ढग अशा खुणा होत्या, रोलच्या खोक्याच्या आतल्या बाजूला तशीच चित्रं छापलेली असायची. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर सोळा आणि शटर फिल्मच्या स्पीडइतकं, हा जगभरचा नियम. तालुक्याच्या गावातले स्टुडिओवाले तो नियम म्हणून शिकले नसतील, पण त्यांच्या बोटांत तो होता. ऊन, पातळ ढग, दाट ढग, ओसरी, मांडव. प्रत्येकाचा आकडा ठरलेला. मांडवात काढलेले ते फोटो आजही नीट दिसतात, आणि त्यात नशिबाचा भाग थोडा आणि कसबाचा फार आहे असं माझं मत आहे.

काटा ज्या पदार्थामुळे उठतो तो सेलेनियम. त्याचा हा गुण सापडला तो समुद्राखालच्या तारांमुळे, फोटोग्राफीशी काही संबंध नसताना. विलोबी स्मिथ हे इंग्लिश अभियंते केबल टाकली जात असताना तिची सतत तपासणी करण्यासाठी मोठा विद्युत-रोध असणारा पदार्थ शोधत होते. त्यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरून पाहिल्या. मोजमाप जुळेना, आज एक, उद्या दुसरं. शेवटी लक्षात आलं, की कांड्या ठेवलेल्या पेटीचं झाकण सरकवलं की त्यांतून वीज जास्त वाहते, झाकण लावलं की कमी. हे त्यांनी १८७३ मध्ये जाहीर केलं. तीन वर्षांनी अ‍ॅडम्स आणि डे या दोघांनी दाखवलं की उजेड पडला की सेलेनियम स्वतःच वीज निर्माण करतं. आणि १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्स यांनी सेलेनियमवर सोन्याचा इतका पातळ वर्ख चढवला की उजेड आरपार जावा. झेनिटच्या कपाळावरच्या पट्टीमागे थोड्याफार फरकाने हीच रचना आहे. खाली लोखंडी पत्रा, त्यावर सेलेनियमचा थर, त्यावर धातूचा पारदर्शक पापुद्रा. वरची खडबडीत काच मधाच्या पोळ्यासारखी घरं पाडलेली असते. प्रत्येक घर म्हणजे एक बारकं भिंग, आणि त्यांचं काम एकच: आजूबाजूचा फालतू उजेड गाळून, लेन्स साधारण जिकडे बघते आहे तिकडचाच आत घ्यायचा.

त्यातून निघणारी वीज इतकी थोडी, की तिने कुठलाही दिवा लागायचा नाही. अँपिअरचे काही दशलक्षांश भाग. म्हणून तिच्यापुढे ठेवलेलं यंत्रही तितकंच हलकं. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये केसाहून बारीक तारेचं वेटोळं, ते दोन अणकुचीदार टोकांवर तोललेलं, त्यालाच जोडलेला काटा. वीज आली की वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात वळू पाहतं. दोन नाजूक स्प्रिंगा त्याला मागे ओढतात. दोन्ही ओढी जिथे सारख्या होतात तिथे काटा थांबतो. अमेरिकेतल्या न्यूअर्कचे एडवर्ड वेस्टन असली मोजमापाची यंत्रं बनवण्यात वाकबगार होते आणि त्यांच्या कंपनीने १९३२ मध्ये फोटोग्राफीसाठी हातात धरायचा मीटर बाजारात आणला. एडवर्ड वेस्टन नावाचे थोर छायाचित्रकार वेगळे. दोघांचा काही संबंध नाही, पण गल्लत नेहमी होते.

तीन वर्षांतच मीटर कॅमेऱ्यात शिरला. झाइस इकॉनचा दोन लेन्सचा काँटाफ्लेक्स, साल १९३५. त्याच काळातली एक गोष्ट मला फार प्रिय आहे. ऑक्टोबर १९३६ मध्ये अमेरिकेत एका कॅमेऱ्याला पेटंट मिळालं, जो उजेडानुसार आपोआप जुळवून घेईल असा. लेन्ससमोर कमीजास्त पारदर्शक पडदा, आणि त्याला फिरवणारा प्रकाश-विद्युत घट. पेटंटावर नावं दोन: डॉक्टर गुस्ताव बकी आणि अल्बर्ट आइन्स्टाइन. उजेड धातूतून इलेक्ट्रॉन कसे उडवतो हे ज्याने समजावून सांगितलं आणि त्यासाठी ज्याला नोबेल मिळालं, त्या माणसाला घरगुती फोटो नीट यावेत याचीही फिकीर होती. तो कॅमेरा बाजारात आला नाही. दोन वर्षांनी कोडॅकने खरोखरचा आपोआप एक्स्पोजर ठरवणारा सुपर सिक्स-ट्वेंटी आणला. त्याची किंमत सव्वादोनशे डॉलर. फारच थोडे विकले गेले.

पण मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. किती आहे एवढंच कळतं. त्यामुळे त्याला एक गोष्ट धरून चालावी लागते, आणि ती अशी की समोरच्या दृश्यातलं काळं, पांढरं, उन्हाचं, सावलीचं सगळं एकत्र कालवलं तर एक मधली राखाडी छटा निघते. पडलेल्या उजेडातला साधारण अठरा टक्के परत पाठवणारी राखाडी, असं पुस्तकांत लिहितात. कित्येक मीटर त्याहून थोडी गडद धरून जुळवलेले असतात. हे गृहीत धरणं वेडेपणाचं नाही. झाडं, रस्ता, घरं, माणसं, थोडं आभाळ अशी आपली रोजची दृश्यं खरंच त्या राखाडीच्या आसपास येतात. ज्यांनी हे शोधलं त्यांनी जग फार नीट पाहिलेलं असणार.

मग आषाढात वारीच्या वाखरीजवळच्या रिंगणात कॅमेरा घेऊन उभं राहावं. मैदानभर पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, वर ढगाळ आभाळ तेही पांढरं. मीटर हे सगळं एकदम बघतो आणि काटा उसळून वर जातो. त्याच्या मते उजेड भरपूर आहे, छिद्र लहान करा. त्याचं ऐकलं तर निगेटिव्हमध्ये धोतरं राखाडी उतरतात, चेहरे काळवंडतात, आणि पावसात भिजूनही लख्ख दिसणारा तो सगळा मेळा धुवायला टाकलेल्या कपड्यांच्या रंगाचा होतो. तिथे मीटरपेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो. याच्या अगदी उलट कोल्हापुरात. पंचगंगेच्या घाटावर धुतलेल्या, चकाकणाऱ्या काळ्या म्हशी चौकटभर असतील तर मीटर म्हणणार, फार अंधार आहे, छिद्र मोठं करा. आणि म्हशी राखाडी करून ठेवणार. तिथे उजेड कमी करायचा. वेरूळला कैलासाच्या प्रांगणात तर दोन्ही एकाच चौकटीत: कातळाची काळी सावली आणि तिला चिरत आलेलं ऊन. मीटर त्यांची बेरीज करून मध्य सांगतो आणि त्या मध्यावर तिथे काहीच नसतं.

यावर एक जुना उपाय आहे, आणि तो मला मीटरइतकाच आवडतो. ज्या उजेडात फोटो काढायचा त्याच उजेडात आपला तळहात धरायचा, मीटर तळहातावर रोखायचा आणि येईल त्या आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्यायचा. तळहात मधल्या राखाडीपेक्षा साधारण एका स्टॉपने उजळ असतो. माणसांचे चेहरे गोरे, सावळे, काळे कसेही असोत, तळहातांत तेवढा फरक नसतो. म्हणून हा उपाय कुणाच्याही हातात चालतो. रिंगणात मी हेच करते. घोडा धावायच्या आधी हात पुढे करून बघून घेते आणि मग काट्याकडे फिरकत नाही.

झेनिटची खरी गंमत खिडकीतल्या दुसऱ्या वस्तूत आहे. काट्याशेजारी, टोकाला वाटोळं कडं असलेला आणखी एक दर्शक असतो. तो उजेडाने हलत नाही. बाहेरची चकती बोटाने फिरवली की सरकतो. काटा उजेडाने जिथे जाऊन उभा आहे तिथे हे कडं नेऊन ठेवायचं. काटा कड्यात आला की चकतीवर अ‍ॅपर्चर आणि शटरच्या जोड्या समोरासमोर येतात: सोळाला तीसावा, अकराला साठावा, आठला सव्वाशेवा. त्यांतली कुठली घ्यायची ते आपण ठरवायचं. पाणी गोठलेलं हवं की वाहतं, मागची झाडं स्पष्ट हवीत की विरघळलेली. मग कॅमेरा हातात फिरवून लेन्सवर आणि शटरवर ते आकडे आपण लावायचे. मीटर आणि लेन्स यांच्यात कसलीही जोडणी नाही. मध्ये माणूस आहे.

ही दोन काट्यांची भेट पुढच्या कॅमेऱ्यांनी डोळ्याजवळ आणली. १९६६च्या मिनोल्टा एसआर-टी १०१ मध्ये व्ह्यूफाइंडरच्या कडेला असंच कडं आणि असाच काटा दिसतो, फोटोच्या चौकटीला लागून. निकॉन एफई १९७८चा. त्यात डाव्या बाजूला शटरच्या वेगांची पट्टी, तिच्यावर एक बारीक काळा काटा आणि एक रुंद हिरवा. काळा उजेडाचा, हिरवा माझ्या बोटांचा. शटरची चकती फिरवली की हिरवा चढतो, अ‍ॅपर्चरची कडी फिरवली की काळा. एकमेकांवर आले की एक्स्पोजर जमलं. मला हिरवा काटा काळ्याच्या किंचित खाली किंवा वर ठेवायला आवडतं. रिंगणात खाली, म्हशींपाशी वर. त्या दोन काट्यांमधली फट म्हणजे मीटरला जे कळलं आणि मला जे दिसलं त्यांतला फरक, आणि तो तिथे डोळ्यासमोर आखून दिलेला असतो. नंतरच्या कॅमेऱ्यांत लाल दिवे आले, अधिक-शून्य-उणे अशा खुणा आल्या, मग नुसते आकडे. ते जलद आहेत, अंधारात वाचता येतात, धक्क्याने बिघडत नाहीत. पण दिवा एक तर लागतो, नाही तर लागत नाही. फट दाखवत नाही. निकॉनने २००१ मध्ये एफएम३ए काढला तेव्हा त्यात हेच दोन काटे परत आणले. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांचे मी मनोमन आभार मानले आहेत.

माणसाला मधून काढायचं ठरवलं तरी काटा किती सुंदर काम करतो ते ऑलिम्पस ट्रिप ३५ मध्ये बघावं. साठच्या दशकाच्या अखेरीला आलेला हा छोटा कॅमेरा १९८४पर्यंत बनत राहिला. याचं सेलेनियम लेन्सभोवती गोल बसवलेलं आहे. बटण दाबताना आधी एक दातेरी पट्टी खाली येऊन काट्याला आहे तिथे चिमटीत धरते. काटा जिथे सापडला त्या दात्याच्या उंचीवरून अ‍ॅपर्चरची पाती किती उघडायची आणि चाळीसावा वेग घ्यायचा की दोनशेवा, हे ठरतं. काटा इतका खाली असेल की उजेड पुरणारच नाही, तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि शटर पडत नाही. सेल नाही, विजेचा साठा नाही, गणित करणारी चकती नाही. समोरच्या मुलाच्या चेहऱ्यावरून आलेला उजेड काट्याला उचलतो आणि काटा पात्यांना अडवतो. एवढ्या सगळ्याला अर्धा सेकंदही लागत नाही.

सेलेनियमची मर्यादा संध्याकाळी कळते. दिवेलागणीला काटा तळाशी जाऊन बसतो, आणि फोटो काढावेत असं खूप काही तर तेव्हाच दिसत असतं. त्यावर तोड निघाली ती कॅडमियम सल्फाइडची. हा पदार्थ वीज तयार करत नाही, उजेडात आपला रोध कमी करतो. म्हणून त्याला सेल लागतो. पण तो मुगाच्या दाण्याएवढा चालतो आणि अंधुक उजेडातही बोलतो. त्यामुळे मीटर कॅमेऱ्याच्या कपाळावरून उतरून पोटात शिरला. टोकियोच्या टॉपकॉनने १९६३ मध्ये आतल्या आरशावरच बारीक चिरा पाडून त्यामागे हा घट बसवला. पुढच्या वर्षी पेंटॅक्स स्पॉटमॅटिक आला, आणि लेन्समधून आलेलाच उजेड मोजायची सवय त्याने जगाला लावली. स्पॉटमॅटिकमध्ये डाव्या बाजूची कळ वर ढकलली की लेन्सचं छिद्र लावलेल्या आकड्यावर बंद होतं, चौकट डोळ्यासमोर काळोखते, आणि त्या अंधारलेल्या चौकटीत उजवीकडचा काटा मध्यावर आणायचा. म्हणजे फिल्मला किती मिळणार आहे ते आधी स्वतः बघायचं. कॅडमियम सल्फाइडला एक खोड आहे. कडक ऊन बघून आला की काही वेळ त्याच्या डोक्यातून ते जात नाही. उन्हातून देवळाच्या सभामंडपात शिरल्यावर त्याला थोडा दम खाऊ द्यावा लागतो. आपल्या डोळ्यांनाही लागतोच.

त्या काळचे सेल पाऱ्याचे होते, १.३५ व्होल्टचे, आणि संपेपर्यंत तेवढाच दाब देणारे. त्या स्थिरपणावर विसंबून मीटर जुळवलेले होते. पारा विषारी, नव्वदच्या दशकात हे सेल जगभर बंद होत गेले, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्या जागी दीड व्होल्टचा नेहमीचा सेल घातला की अनेक कॅमेऱ्यांचे काटे खोटं सांगू लागले. स्पॉटमॅटिक यातून वाचला, कारण त्याची मंडल-रचना दोन बाजूंची तुलना करते आणि दाब थोडा इकडेतिकडे झाला तरी तिचं अडत नाही. बाकीच्यांसाठी आम्ही श्रवणयंत्राच्या दुकानात जातो. कानाच्या यंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा जस्त-हवेचा सेल १.४ व्होल्टचा असतो, पाऱ्याच्या सेलच्या बराच जवळ. पाठीवरचं चिकटपट्टीचं लेबल काढायचं, त्याला मिनिटभर हवा खाऊ द्यायची, भोवती रबराची रिंग बसवायची आणि कॅमेऱ्यात घालायचा. काही आठवड्यांनी तो आपोआप संपतो, मग दुसरा. दुकानदार विचारतो, घरात कुणाला ऐकू येत नाही का. मी खरं ते सांगते.

मीटरची चर्चा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सशिवाय पुरी होत नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडून, दृश्यातली कुठली वस्तू कुठल्या टप्प्यावर ठेवायची हे आधीच ठरवण्याची पद्धत त्यांनी फ्रेड आर्चर यांच्याबरोबर बसवली. मीटरच्या राखाडीला इतक्या शिस्तीने उत्तर दुसऱ्या कुणी दिलं नाही. आणि त्यांच्याच सर्वात गाजलेल्या फोटोच्या वेळी त्यांना मीटर सापडला नाही. न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ गाव, मावळतीचं ऊन स्मशानभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर, वर उगवलेला चंद्र. गाडी थांबवून त्यांनी मोठा कॅमेरा उभा केला, वेस्टनचा मीटर हुडकला, मिळेना. ऊन क्रुसांवरून निसटत होतं. तेव्हा त्यांना आठवलं, की चंद्राची दीप्ती एका चौरस फुटाला २५० कँडल असते. तिथून मनात हिशेब करून त्यांनी बत्तीस अ‍ॅपर्चरला एक सेकंद दिला. दुसरा फोटो घ्यायला होल्डर उलटा करेपर्यंत क्रूस विझले होते. फोटो कधीचा याचा स्वतः अ‍ॅडम्सनाही घोळ होता. पुढे खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून दिवस काढला तो १ नोव्हेंबर १९४१. मला यातली चंद्राची बाजू मोठी वाटते. रात्रीच्या आभाळात असला तरी चंद्र हा भर उन्हातला दगड आहे. त्याच्यावरचं ऊन कधी ढगाळत नाही. म्हणून त्याचा आकडा पाठ करता येतो, आणि वेळेला तोच मीटर होतो.

झेनिटचा काटा अलीकडे आळसावला. उन्हात जिथे पोचायचा तिथे पोचेना. सेलेनियमचा थर दमट हवेने हळूहळू निकामी होतो, जोडांना गंज चढतो, आणि मुंबईतले चार पावसाळे म्हणजे त्याला फार झाले. मी कॅमेरा फोर्टात बोरा बाजारच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी वरचा पत्रा उचलला, डोळ्याला भिंग लावलं आणि मलाही बघायला बोलावलं. वेटोळं, दोन स्प्रिंगा, चुंबक सगळं आत चकचकीत होतं, जणू कालच बसवलंय. काकांनी मीटरच्या दोन टोकांना बारीक वीज लावली, तसा काटा तडक वर गेला.

“काटा ठणठणीत आहे ताई. पट्टी गेलीय.”

“नवी मिळेल?”

“सेलेनियमची कुठून आणू? दुसऱ्या झेनिटमधली काढली तर तीही एवढीच म्हातारी. सिलिकॉनची बसवतो. कॅल्क्युलेटरवर असते ना, तसली. ती वीज जास्त देते, म्हणून मध्ये एक रोध घालून तिला आवरायला लागेल.”

मी थोडा वेळ काही बोलले नाही. उजेड त्याच काचेतून येणार होता, काटा तोच राहणार होता, पण मामाच्या वेळी आमच्या चेहऱ्यांवरचं ऊन ज्या पट्टीने घेतलं ती नसणार होती. काकांनी घाई केली नाही. मग मी हो म्हटलं, कारण काटा हलत नसलेला झेनिट कपाटात ठेवणं मला त्याहून वाईट वाटत होतं.

आठवड्याने गेले तेव्हा ते कॅमेरा घेऊन जिन्यात आले. समोरच्या इमारतीच्या उन्हातल्या भिंतीवर आधी आपला हातातला मीटर रोखला, मग झेनिट. स्क्रू थोडा फिरवला. नंतर जिन्यातल्या सावलीत, नंतर रस्त्याच्या डांबरावर. उन्हात जुळलं की सावलीत अर्धा स्टॉप हलायचं, सावलीत जुळलं की उन्हात. बराच वेळ ते असे आतबाहेर करत होते, आणि मधल्या एका जागी त्यांनी स्क्रू सोडला.

“आता कृष्णधवल रोल टाका. पहिले फोटो मीटर म्हणेल तसेच काढा, स्वतःचं डोकं चालवू नका. आकडे लिहून ठेवा.”

“आणि मग?”

“मग निगेटिव्ह घेऊन या. प्रिंट नका आणू, प्रिंटमध्ये लॅबवाला सगळं सावरून घेतो.”